येतोय, कॉफी ठेव

सोमवारी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी विन्को इग गावाहून निघाला. बोगोमिर शुलिगोयनं ते ऑफिसातल्या पडद्यावर पाहिलं आणि त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आज तर सोमवार, हा सोमवारी कसा काय निघाला? विन्को यायचा तो गुरुवारी. वीस वर्षं गुरुवारीच. शिस्तीत न बसणारी गोष्ट दिसली की बोगोमिरच्या कपाळाला आठी पडते, तशी ती पडली, आणि पडल्यावर मग त्याला आठवलं की विन्कोच्या राखेचा कलश मातीत ठेवून वर्ष होत आलंय, कलशावर दुसऱ्या क्रमांकाची मूठभर माती आपणच टाकली होती, आणि त्या दिवशी बुटात पाणी गेलं होतं. पडद्यावर निळी मोटार सरळ रस्त्यानं दलदलीच्या दिशेनं येत होती. मोटारीखाली विन्कोचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं त्याचं नोंदणीचं नाव, त्याच्या शेपटीला नऊचा आकडा. शेपटीला सात म्हणजे माणूस पायी, खिशात यंत्र. नऊ म्हणजे मोटारीत. आणि त्याखाली विन्कोचं ते एकच वाक्य, जे त्यानं सेटमध्ये एकदा भरून ठेवलं आणि पुन्हा कधी बदललं नाही : येतोय, कॉफी ठेव.

बोगोमिर शहराच्या जमीनमोजणी कचेरीत नकाशे तपासायचा. तिथल्या प्रत्येक पडद्यावर कुठला ना कुठला नकाशा असायचाच, त्यामुळे त्याचा हा एक जास्तीचा नकाशा अठरा वर्षांत कोणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. युरोपभरच्या हौशी रेडिओवाल्यांचे ठिपके त्यावर असायचे. प्रत्येकाच्या मोटारीत, नाहीतर घराच्या छपरावर एक सेट. तो उपग्रहाकडून आपली जागा विचारून घेतो आणि ठराविक वेळानं हवेत एक बारीक चिरका आवाज सोडतो. त्या चिरक्यात सगळं असतं : मी अमुक, मी इथे, आणि वर एखादं वाक्य. डोंगरमाथ्यावरची यंत्रं तो ऐकून पुढे म्हणून दाखवतात, कोणाचा तरी संगणक तो पकडतो, आणि नकाशावर एक मोटार सरकते. कोणी बोलत नाही. कोणी कोणाला काही विचारत नाही. बोगोमिरला या छंदात आवडलं होतं ते हेच. माणसं आहेत एवढं कळतं, आणि त्यांच्याशी बोलावं लागत नाही. ग्राझचा एक बेकरीवाला रोज पहाटे पाव पोचवायला निघतो हे त्याला अकरा वर्षांपासून माहीत होतं. बेकरीवाल्याचं नाव त्याला माहीत नव्हतं.

चार वाजून बारा मिनिटांनी मोटार सरळ रस्ता सोडून उजवीकडे भूर्जाच्या झाडांच्या रांगेमागच्या मातीच्या वाटेला लागली, आणि थांबली. बोगोमिरनं खिडकीबाहेर पाहिलं. नोव्हेंबरात ल्युब्ल्यानाला खिडकीबाहेर पाहण्याचा काही उपयोग नसतो. धुकं दलदलीवरून उठतं, शहरात येतं आणि पाहुण्यासारखं बसतं, उठायचं नाव घेत नाही. समोरची इमारत नव्हती. इमारतीतले दिवे तेवढे होते, कशालाही न टेकता. त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चार बावीसला सेट एकदा बोलला, चार बत्तीसला एकदा. सेट हुशार असतात. मोटार चालत असली की मिनिटामिनिटाला बोलतात, उभी राहिली की दहा मिनिटांतून एकदा, उगाच हवा खराब करत नाहीत. बेचाळीस. बावन्न. मग मोटार वळली आणि आली तशी इगला परत गेली.

फोन वाजला तो लुडविकचा. लुडविक म्हणजे क्लबचा अध्यक्ष; आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आता ते निवृत्तीनंतर उरलेल्या जगाला शिकवतो.

“म्हाताऱ्या, पाहिलंस का?” या मंडळींत एकमेकांना म्हातारा म्हणायची जुनी रीत आहे, अगदी परवा परीक्षा पास झालेल्यालाही. लुडविक आणि बोगोमिरच्या बाबतीत आता त्यात थट्टा उरली नव्हती.

“काय पाहिलं?”

“काय म्हणजे! विन्को फिरतोय. कळ मुकी होऊन वर्ष झालं त्याची, आणि हा गडी हवा खायला निघालाय.”

मेलेल्या माणसाला ही मंडळी मेला म्हणत नाहीत. त्याची कळ मुकी झाली म्हणतात, तारायंत्राच्या दिवसांपासून.

“कोणीतरी सेट विकत घेतला असेल,” बोगोमिर म्हणाला. “आतलं नाव बदलायचं राहिलं असेल.”

“विकला कोणी? दारिंकानं? मला विचारल्याशिवाय? क्लबात सहा जण टपून होते त्या सेटवर. ते काही नाही, मी त्या भामट्याला पत्र लिहिलंय. सेटवरच पाठवलं. ‘हे कॉलसाइन दिवंगत सभासदाचं आहे, आपण कोण ते कळवा.’ लगेच पोच आली, उत्तर नाही. पोच देतो आणि उत्तर देत नाही, म्हणजे निर्ढावलेला दिसतोय. तू एक कर, दारिंकाला फोन लाव. तुझा जिवलग होता, मी कसा विचारणार?”

“लावतो,” बोगोमिर म्हणाला.

त्यानं लावला नाही. फोनमध्ये विन्कोच्या बायकोचं, दारिंकाचं नाव होतं, ते त्यानं उघडलं, पाहिलं, बंद केलं. एका फोनचं काम होतं. सेट विकलास का, एवढंच विचारायचं, ती हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. पण बोगोमिरला अगदी स्वच्छ कळत होतं की त्यातल्या त्यात भूत परवडलं. भुताला आपल्याकडून काही विचारायचं असेल असं वाटत नाही. दारिंकानं एकदा विचारलं होतं. अंत्यविधीनंतरच्या जेवणात, इगच्या खानावळीत, हातात पोटित्साचा, सारण भरून गुंडाळलेल्या गोड पावाचा, न खाल्लेला तुकडा धरून ती त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, “बोगो, तू नेहमी नकाशावर असतोस. त्या दिवशी नव्हतास का रे?” आणि तो म्हणाला, “नव्हतो गं. ऑफिसात मीटिंग लांबली.” केवढंसं वाक्य. खोटं बोलायला इतके थोडे शब्द लागतात याचंच त्याला तेव्हा नवल वाटलं होतं. तिनं मान हलवली, तो तुकडा त्याच्या बशीत ठेवला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. अक्रोडाचं सारण होतं. त्यानं ते सगळं खाल्लं.

मंगळवारी चार वाजून सहा मिनिटांनी विन्को इगहून निघाला. चार बाराला भूर्जांमागे थांबला. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, आणि परत. बोगोमिरचा चहा गार झाला. शेजारच्या टेबलावरची मिर्याम म्हणाली, “शुलिगोय, तुमच्या त्या नकाशावर काय चाललंय? चेहरा तर असा केलाय की कोणाचं शेत दुसऱ्याच्या नावावर चढलंय.” तो म्हणाला, “कोणी तरी एकाच ठिकाणी थांबतंय.” “मग थांबू द्या की,” ती म्हणाली, “तुमच्या बापाचं काय जातंय?” आणि बरोबर हेच, याच सुरात, एक वर्षापूर्वी तो स्वतःशी म्हणाला होता. थांबू दे की. विन्को थांबायचाच. दलदलीत त्या वाटेवर भोवती काही नाही, ना तारा ना इमारती, तिथून लांबचं स्टेशन चांगलं लागायचं. कधी कुठला पोर्तुगीज मासेमार सापडला की विन्को मोटार उभी करून त्याच्याशी अर्धा तास बोलत बसायचा, आणि मग बोगोमिरच्या स्वयंपाकघरात येऊन गार कॉफी पीत, मासेमाराच्या सांधेदुखीबद्दल सांगायचा. त्यामुळे त्या गुरुवारी चार बाराला ठिपका भूर्जांमागे थांबला तेव्हा बोगोमिरनं तांब्याचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि मासेमाराला मनात एक शिवी दिली. त्याला काळजी वाटली नाही. काळजी का वाटावी? दर दहा मिनिटांनी विन्को बोलत होता. येतोय, कॉफी ठेव. येतोय, कॉफी ठेव. इतक्या नियमितपणे आणि इतक्या चांगल्या आवाजात, डोंगरावरच्या यंत्रानं एकही चिरका न गाळता पकडलेल्या त्या वाक्यात माणसाचं हृदय बंद पडलेलं असेल असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? संध्याकाळी सात वाजता एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन त्या वाटेनं आला. काच खाली होती, इंजिन बंद होतं, सेट चालू होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासाभरात कोणी पोचलं असतं तर. एवढंच म्हणाले. ‘तर’च्या पुढे काय ते सांगायची त्यांच्याकडे पद्धत नसावी.

बुधवारीही तेच. लुडविकनं तिसरं पत्र पाठवलं होतं, त्यात दूरसंचार कायद्याचं कलम घातलं होतं, आणि त्यालाही तत्काळ पोच आली होती. “भामटा सभ्य आहे,” लुडविक फोनवर म्हणाला, “पण मुका आहे. दारिंका काय म्हणाली?” “फोन उचलत नाही,” बोगोमिर म्हणाला. आता हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं. फोन ठेवून तो पडद्याकडे पाहत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण तीन दिवस फक्त थांबण्याच्या वेळेकडे पाहतोय. थांबणं चार बाराला, ते ठीक. त्या दिवशीही विन्को चार बाराला थांबला होता, आणि ते बऱ्याच जणांना माहीत होतं, पोलिसांच्या कागदातही होतं. पण निघणं? त्या दिवशी तर विन्को निघालाच नव्हता. मग हा जो कोणी आहे तो रोज नेमका चार बावन्नला का निघतो? चार बावन्न ही वेळ जगात कोणालाच माहीत नव्हती. ती ना पोलिसांच्या कागदात होती, ना कोणाच्या बोलण्यात. त्या गुरुवारी चार बावन्नला, गार कॉफीकडे बघून कंटाळून, बोगोमिरनं घरच्या संगणकावरून विन्कोच्या सेटला एक ओळ पाठवली होती. नकाशावाले लोक कधीमधी अशा ओळी पाठवतात. ‘झोपलास की काय? कॉफी गार झाली. ७३.’ त्र्याहत्तर म्हणजे यांच्यात नमस्कार. आणि दोन सेकंदांत पोच आली होती. पोच आली म्हणून त्यानं भांडं विसळलं, कप उपडे घातले, संगणक बंद केला. झाल्या गोष्टीत जर कोठे एक जागा असेल, की जिथे बोट ठेवून म्हणता येईल इथे, तर ती जागा भूर्जांमागची नव्हती, ती बोगोमिरच्या सिंकपाशी होती, कप उपडे घालताना. ही ओळ जगात दोघांना ठाऊक होती. एक बोगोमिर आणि दुसरा विन्कोचा सेट. सेट बॅटरीवरून काढला तरी आतली पत्रं विसरत नाही, हे बोगोमिरला माहीत होतं. ते माहीत असणं त्यानं वर्षभर मनाच्या मागच्या खोलीत, जिथे आपण मोडक्या छत्र्या ठेवतो तिथे, ठेवलं होतं.

गुरुवारी तो तीन वाजता घरी आला. वीस वर्षांच्या गुरुवारांसारखा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं रेडिओचं टेबल, वर संगणक. बायको झ्लाता घरी होती; गेल्या वर्षी त्या दिवशी ती औषधांच्या दुकानात कामावर होती, यंदा पाय मुरगळून रजेवर होती आणि त्यामुळे तिला सगळ्या घराकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला होता.

“दोन कप कशाला काढलेस?” ती म्हणाली. “मी पीत नाही हे माहितीय तुला. डॉक्टरनं बंद केलीय.”

बोगोमिरनं ओट्याकडे पाहिलं. दोन कप होते. आपण काढले असणार.

“सवयीनं.”

“सवय म्हणे. तीन रात्री झाल्या, झोपेत आकडे बोलतोयस. बावीस, बत्तीस. लॉटरी लागणार असेल तर मलाही सांग.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “कोण आहे तिथे, बोगो?”

“कुठे?”

“त्या यंत्रात.”

चार सहाला मोटार निघाली. चार बाराला थांबली. बोगोमिरनं कॉफी चुलीवर ठेवली, उतू जाऊ दिली, पुसली, पुन्हा ठेवली. बावीस. बत्तीस. बेचाळीस. बाहेर दिवस संपला होता आणि धुक्यात दिवस संपतो तो एखाद्या खोलीतला दिवा कोणी विचारल्याशिवाय घालवावा तसा. चार बावन्न. सेट बोलला : येतोय, कॉफी ठेव. ठिपका हलला नाही. त्रेपन्न, चौपन्न. बोगोमिर वाट पाहत राहिला. पाच दोन. सेट बोलला. ठिपका तिथेच. आपल्या हातात रिकामा कप आहे आणि आपण तो सिंककडे नेतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा पाच बारा झाले होते, आणि सेट पुन्हा बोलला होता, नियमित, स्वच्छ, चांगल्या आवाजात. त्याला वाटलं, ठीक आहे, बोलतोय. ठीक आहे असं वाटलं आणि त्याच क्षणी त्यानं हातातल्या कपाकडे पाहिलं. आपण आत्ता, वर्षभरानं, अगदी हेच पुन्हा करतोय. कप उपडा घालतोय.

पाच वाजून बावीस मिनिटांनी त्यानं दारिंकाला फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.

“कुठे निघालास? अरे मफलर तरी!” झ्लाता मागून ओरडली.

त्याच्या मोटारीतही सेट होता. किल्ली फिरवली की तो आपोआप सुरू व्हायचा, बंद करायला हात पुढे झाला, पण बटणापर्यंत गेलाच नाही. त्याच्या त्रनोवो वस्तीतून दक्षिणेला शहर संपतं तिथे दिव्यांची रांग संपते आणि पुढे रस्ता आहे असं मानूनच चालवावं लागतं. काचेवर धुकं आदळत नव्हतं, नुसतं समोर येऊन उभं राहत होतं आणि शेवटच्या क्षणी बाजूला होत होतं. दोन्हीकडे पाण्यानं भरलेले चर. मधेच एक बगळा, रस्त्याच्या कडेला, पाठमोरा. बोगोमिरला ठाऊक होतं की आपण कोणाकडे चाललोय, आणि तरीही प्रत्येक वळणाला त्याच्या मनात उभा राहायचा तो विन्कोच, काच खाली केलेला, कोपर बाहेर काढलेला, म्हणणारा, काय रे, इतका उशीर? भूर्ज एकदम आले, पांढरे, जणू धुक्याचेच घट्ट झालेले भाग. त्यांच्यामागे निळी मोटार. दिवे बंद. आत, छोट्या हिरव्या पडद्याच्या उजेडात, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून कोणी तरी बसलं होतं आणि हलत नव्हतं.

त्यानं काचेवर ठोकलं. एकदा, मग जोरात. तो काय ओरडला ते त्याला नंतर आठवलं नाही.

दारिंकानं डोळे उघडले. काच खाली केली. तिनं विन्कोचा लोकरी कोट घातला होता, बाह्या दुमडून.

“एक तास तेवीस मिनिटं,” ती म्हणाली. “बस आत. धुकं आत येतंय.”

तो दुसऱ्या बाजूनं आत बसला. आत तंबाखूचा वास होता, विन्कोचा, वर्षानंतरही. मधे सीटवर तिचा फोन होता, त्यावर त्याचं नाव.

“मला वाटलं तू...” तो म्हणाला.

“मेले. हो. ते वाटायलाच हवं होतं.” ती समोर पाहत होती. “बॅटरी उतरली होती गाडीची. गेल्या शनिवारी नवी बसवली. चालवायला शिकलेय आता, माहितीय? एकसष्टाव्या वर्षी. मेकॅनिकनं सगळं जोडलं आणि हा सेट आपोआप लागला. मला म्हणाला, बाई, यात एक न वाचलेलं पत्र आहे.” तिनं बटण दाबलं. हिरव्या पडद्यावर अक्षरं आली. “वाच.”

बोगोमिरनं ओळ वाचली नाही. त्याला पाठ होती.

“मोठ्यानं वाच.”

“झोपलास की काय,” बोगोमिर म्हणाला. “कॉफी गार झाली.” आणि मग थोडं थांबून, कारण ओळ तिथे संपत नव्हती, “त्र्याहत्तर.”

“चार बावन्न,” दारिंका म्हणाली. “मी ठरवलं, एकदा बघू या. तीन दिवस चार बावन्नपर्यंत थांबले. तुझ्या वेळेपर्यंत. लुडविकची तीन पत्रं आली, त्यात एका पत्रात मला कलम लावलंय. तुझं एकही नाही. आज म्हटलं, निघायचंच नाही.” तिचा आवाज घरात भाज्या निवडताना बोलावं तसा होता. “आता परत विचारते. त्या दिवशी तू नकाशावर होतास?”

भूर्जांवरून पाणी टपावर पडत होतं. तो नाही म्हणू शकला असता असं नाही. पडद्यावर त्याचंच वाक्य असतानाही त्याच्या तोंडात ‘मीटिंग’ हा शब्द तयार होऊन बसला होता, इतका तो वापरून गुळगुळीत झाला होता.

“होतो,” तो म्हणाला. “सगळा वेळ होतो. समोर बसून बघत होतो.”

“मग?”

“मला वाटलं ठीक आहे. बोलत होता तो. दर दहा मिनिटांनी. आणि पत्राची पोच आली, दारिंका. लगेच आली. मला वाटलं, त्यानं वाचलं.”

दारिंकानं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. काही तरी बोलणार होती, पण तेवढ्यात सेटमधून दोन टोल वाजले आणि हिरव्या पडद्यावर नवी ओळ आली, दोन्ही मोटारींच्या सेटवर एकदम पाठवलेली. लुडविक. ‘बोगो, तुझी गाडी दिसली शेजारी. सापडला का भामटा? सगळं ठीक ना? ७३.’ आणि दोघांपैकी कोणीही हात न लावता, सेटनं एक बारीक चिरका आवाज हवेत सोडला.

“हे काय होतं?” दारिंका म्हणाली. “कोण बोललं?”

“कोणी नाही. सेट. पत्र आलं की तो स्वतःच पोच देतो.”

“माणूस नसला तरी?”

“नसला तरी.”

मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून तिनं ते विन्कोच्या कोटाच्या बाह्यांत आत ओढून घेतले, आणि रडू लागली, काहीही आवाज न करता. बोगोमिरला तिच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही. तो पडद्यासमोर बसून राहिला. थोड्या वेळानं, पाच बेचाळीसला, सेट नेमानं बोलला : येतोय, कॉफी ठेव. शहरात लुडविकच्या टेबलावर आत्ता दोन मोटारी एकमेकींवर चढून उभ्या असतील, दोन्हींच्या शेपटीला नऊ, दोन्ही बोलत असलेल्या. त्याला पोचही मिळाली होती. आता तो निवांतपणे संगणक बंद करील, आणि कप विसळून उपडा घालील.